जेवढं उडालात, तेवढं चाला

नवी मुंबईत सीवूड्सच्या बाजूला सकाळी एखादा माणूस ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात कंपनीचं कार्ड आणि हात रिकामे, असा खाली मान घालून पदपथावरून चालताना दिसला आणि त्याच्या अर्धा किलोमीटर पुढे 'L' लावलेली एक पांढरी गाडी दिवे लुकलुकवत उभी असली, की तो मॉर्निंग वॉकला निघालेला नाही हे इथल्या कुणाला सांगावं लागत नसे. तो शिक्षा भोगत असे. रिक्षावाले वेग कमी करून विचारायचे, "कितीला?" तो बिचारा म्हणायचा, "अठ्ठेचाळीस." रिक्षावाला समजल्यासारखी मान हलवून पुढे जायचा.

ती गाडी आमच्या मास्तरांची, आणि तो कायदाही मास्तरांचाच. सरकारच्या कायद्याबद्दल त्यांना आदर होता, पण तो अपुरा आहे असं त्यांचं मत होतं. "मोबाइलवर दंड भरला, तर पायाला कळतो का?" असं ते विचारायचे. म्हणून त्यांच्या गाडीत वेगाची मर्यादा ओलांडली, की ओलांडल्या जागेपासून वेग खाली येईपर्यंत गाडी जेवढी गेली असेल, तेवढं अंतर शिकणाऱ्याने चालायचं. मास्तर त्याला मागे सोडून यायचे आणि स्वतः पुढे गाडीत बसून वाट बघायचे. "जेवढं उडालात, तेवढं चाला" हे त्यांचं वाक्य. मर्यादा म्हणजे पाटीवरची नव्हे हं, पाटी साठची असली तरी शिकणाऱ्याला चाळीस. मी स्वतः हा रस्ता चार वेळा चालले आहे, त्यामुळे त्यातल्या कुठल्या लाद्या हलतात ते मला पाठ आहे.

मास्तर करावे गावातले. वडील खाडीत मासेमारी करायचे, मास्तरांनी मात्र तीस वर्षं तळोजातल्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवली. रिटायर झाल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. स्कूल म्हणजे एक गाडी, घराचा ओटा आणि ओट्यावर एक फळा. मीही तळोजातच नोकरीला, रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. वय चव्वेचाळीस. खारघरच्या आमच्या सोसायटीत माझी गाडी वर्षभर कव्हर घालून उभी होती. मोठ्या हौसेनं घेतली आणि मग हातपाय गळाले. कव्हरवरच्या धुळीत सोसायटीतली पोरं फुली-गोळा खेळायची. शेवटी लॅबमधल्या एकाने सांगितलं, "करावेला जा. शिकवतात छान, पण चपला चांगल्या घालून जा." चपलांचं मला पुढे कळलं.

पहिले दोन दिवस मास्तरांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. ओट्यावर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: एकशे त्र्याऐंशी. खाली: एकशे चौऱ्याऐंशी. मला वाटलं गाडीचा नंबर असेल.

"कलमं हायेत," मास्तर म्हणाले. "पयलं वेगाचं. एकदा पकडलात तर दंड, परत पकडलात तर लायसन जमा. दुसरं धोक्यानं चालवायचं. तिथं कोर्ट. दंड नायतर कैद, नायतर दोन्ही. म्हना."

मी म्हटलं. ते पाढ्यासारखं तालात म्हणून घ्यायचे. माझ्याबरोबर एका बँकेतले साहेब होते. ते म्हणाले, "मास्तर, आधी गाडी चालवायला तरी शिकवा, मग शिक्षा सांगा." मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, पानी किती खोल हाय ते पोहायच्या आदी विचारतात का बुडाल्यावर?" साहेब पाढे म्हणायला लागले.

आमच्याशी बोलताना मास्तर जमेल तेवढं शहरी बोलायचे. राग आला किंवा आनंद झाला की मात्र करावे गाव बाहेर यायचं. त्यांचं सगळं ज्ञान होडीवरून आलेलं होतं. मी सिग्नलपाशी करकचून ब्रेक दाबला की म्हणायचे, "मॅडम, होडीला ब्रेक नाय. माजा बापूस धक्का दिसाच्या आदीच वल्हं उचलायचा. मागनं होडी आपसूक येते. तुमी पन सिग्नल दिसाच्या आदी पाय उचला. ब्रेक कोनासाठी हाय? ज्याला विचार करायला उशीर झाला त्याच्यासाठी." सुरुवातीला ते मला 'मॅडम' म्हणत. पहिल्यांदा ब्रेक न लावता गाडी सिग्नलला अलगद थांबली, त्या दिवसापासून मी 'बाय' झाले, म्हणजे घरातली पोर. आमच्या कंपनीत मला दोनदा बढती मिळाली आहे, पण एवढा आनंद एकदाही झाला नाही.

गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'पाय हलका'. पाम बीच रोडवर वेग टिपणारा एक कॅमेरा आहे. त्याच्या खांबाला मास्तर जाता-येता हात करायचे. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "भाऊ हाय आपला. तो पन तेच काम करतो. मी बोलून करतो, तो न बोलता करतो."

एकदा खारघरचं एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. शिकत होती ती, तो मागे बसून यायचा. रस्ता मोकळा दिसला आणि तो मागून म्हणाला, "अगं दाब की जरा, कोण आहे इथे." तिने दाबला. मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि दोघांनाही उतरवलं. तो म्हणाला, "मी काय केलं?" मास्तर म्हणाले, "तू बोललास. नुसता गप बसला असतास तरी उतरवला असता. गाडीत बसून जो अडवत नाय, तो पन चालवतोच." साडेसातशे मीटर चालताना त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि पोचेपर्यंत मिटलंही. ती पुढे सांगायची, लग्नानंतर आम्ही दोघं एवढं सलग कधी बोललोच नव्हतो.

आता वाटेल की माणूस कडक. तसं नव्हतं. चालून आलेल्या माणसासाठी ते थर्मासमधला चहा काढून ठेवायचे. आणि त्यांच्या कायद्यातलं शेवटचं कलम मला सगळ्यांत आवडायचं: चालून आलं की गुन्हा फिटला. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव कुणी काढायचं नाही, आणि चहा संपताच माणसाने थेट स्टिअरिंगवर बसायचं. थोड्या वेळाने नाही, उद्या नाही, लगेच. "नायतर भीती घर करते. एकदा घुसली की भाडं देत नाय आन जात पन नाय."

शिकवताना ते माझ्या डावीकडे बसत. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि त्यांचा उजवा पाय सदैव त्याच्यावर तरंगत असे. शिकणारा तयार झाला हे मास्तर तोंडाने कधीच सांगत नसत. एके दिवशी, गाडी चालू असताना, ते चपला काढायचे, पाय वर घ्यायचे आणि पट्टा लावलेल्या अवस्थेत सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. तेच सर्टिफिकेट. काहींना दहा दिवसांत मिळे. मला पाच महिने आणि तीन आठवडे लागले. मधल्या काळात मी एकदा टेस्ट नापास झाले, चढावर गाडी बंद पाडून. तीनदा शिकणं सोडलं, तिन्ही वेळा मास्तर स्कूटरवरून खारघरला येऊन सोसायटीच्या गेटवर उभे राहिले. वर यायचे नाहीत, वॉचमनकडून निरोप पाठवायचे, 'मास्तर आलेत.' मी निमूट खाली. शेवटी एका मंगळवारी, करावेच्या सिग्नलनंतर, माझ्या डावीकडे काहीतरी हललं. बघते तर मास्तर मांडी घालून बसलेले, आणि खिडकीबाहेर खारफुटीकडे बघतायत. मला रडू आलं. "समोर बग," ते म्हणाले.

माझं शिकाऊ लायसन सहा महिन्यांचं. ते संपायच्या अगदी शेवटच्या दिवशी मला टेस्टची तारीख मिळाली. ही हुकली की परत नवा अर्ज, परत पहिल्यापासून सगळं. मी घरी आणि मास्तरांनाही सांगून ठेवलं होतं, की आज नाही झालं तर गाडी विकणार. आम्ही सकाळी वेळेच्या कितीतरी आधी टेस्टच्या ट्रॅकवर पोचलो. रांगेत उभी राहिले, पिशवी उघडली आणि माझ्या लक्षात आलं की मूळ कागदांची फाइल खारघरला डायनिंग टेबलावर आहे. आदल्या रात्रीपासून मी ती चार वेळा तपासली होती. इतकी तपासली, की पिशवीत ठेवायचीच राहिली.

घरी त्या वेळी कुणी नव्हतं. रांग चालू राहणार होती एक वाजेपर्यंत. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि मला डावीकडे बसायला सांगून स्वतः गाडी घेतली. जाताना वाटेत ट्रॅफिक लागला. फाइल घेऊन निघालो तेव्हा बारा वीस झाले होते. पाम बीचला लागल्यावर रस्ता मोकळा होता. मी म्हणाले, "मास्तर, लवकर." हे शब्द माझे. मी ते लपवणार नाही.

मी काट्याकडे बघत होते. साठ झाले, सत्तर झाले. त्यांचा पाय हलका झाला नाही. त्या दिवशी त्यांनी खांबाला हात केला नाही.

एकला पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो. मी चढावर गाडी न बंद पाडता पास झाले. पेढे घ्यायला गेले तर मास्तर म्हणाले, "मना नको," आणि घरी निघून गेले. मी आनंदात इतकी बुडाले होते, की ते मनात घेतलंच नाही.

आठवड्याने मला त्यांच्या बायकोचा फोन आला. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. काकी म्हणाल्या, "तुमच्या मास्तरांनी गाडीवर कवर घातलंय. फळा पुसलाय. नव्या पोरांना फोन करून दुसरीकडं जा सांगतायत. त्यांचा मोबाइल वाजला त्या दिवसापासून असेच हायेत. तुमी या."

मी माझ्या गाडीवरचं कव्हर ओढून काढलं. पोरांचा एक अर्धा डाव मोडला, त्याबद्दल सॉरी म्हटलं आणि खारघर ते करावे एकटीने गाडी नेली. शेजारी कुणी नाही, जादा ब्रेक नाही. बेलापूरपर्यंत मला घाम फुटला होता, नंतर लक्षात आलं की मी सिग्नल दिसायच्या आधीच पाय उचलतेय.

मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनी मोबाइल पुढे केला. चलान आलं होतं: साठच्या जागी ब्याण्णव. खाली फोटो. फोटोत गाडीची मागची बाजू, आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत स्पष्ट: पाय हलका.

मला हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण मास्तर हसत नव्हते.

"भरलाय दंड," ते म्हणाले. "आला तवाच भरला. दोन मिन्टं लागली. शेजारचा सांगत व्हता, कॅमेरा चुकतो, तक्रार कर. म्हटलं कॅमेरा नाय चुकला, मी चुकलो. भावानं भावाला पन सोडलं नाय, ते बरं केलं." मग मोबाइल बाजूला ठेवून म्हणाले, "पन बाय, गाडीत तू व्हतीस. शिकनारं मानूस बाजूला बसवून मी ब्यान्नव गेलो. तीस वर्सं बस चालवली, मागं पन्नास मानसं असायची, कदी गेलो नाय. ज्याचा पाय सुटला, त्यानं शिकवू नये."

मी ज्या माणसामुळे इथवर गाडी चालवत आले होते, तो माणूस माझ्याच फाइलमुळे स्कूल बंद करून बसला होता. आणि मग माझं लक्ष फळ्याकडे गेलं. पुसला होता, पण एकशे त्र्याऐंशीची खूण पुसट दिसत होती.

मी म्हटलं, "मास्तर, सरकारचा दंड भरलात. तुमचा कुठे भरलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कायदा तुमचा आहे. किती अंतर उडालात?"

"सव्वादोन किलोमीटर," ते पटकन म्हणाले. म्हणजे मोजून ठेवलं होतं. "माजा गुडगा..."

"कायद्यात वेळेचं बंधन नाही. बसत बसत चला."

आतून काकींचा आवाज आला, "रविवारी जा. मी चहा आनते."

मी म्हटलं, "आणि मीही चालणार. मी गाडीत होते. अडवलं तर नाहीच, वर लवकर म्हटलं."

मास्तरांनी बोटं मोजली. मग म्हणाले, "तुला दोन कलमं लागतात."

रविवारी सकाळी मी मास्तरांची गाडी नेऊन पुढे त्यांनी सांगितलेल्या जागी लावली. आत काकी थर्मास घेऊन बसल्या. आम्ही रिक्षाने मागे आलो आणि चालायला लागलो. मास्तरांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. गुडघ्याला पट्टा होता. मान खाली.

दोनशे मीटरवर पहिला रिक्षावाला आलाच. त्याला काय माहीत, त्याने आपलं नेहमीप्रमाणे मला विचारलं, "मॅडम, कितीला?" मग त्याने शेजारी कोण आहे ते बघितलं आणि रिक्षा थांबली. मास्तरांच्या कायद्यात विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यावं लागतं, तेही ऐकू जाईल असं. मास्तर पुटपुटले, "ब्यान्नव."

"काय?"

"ब्यान्नव," मास्तर ओरडले.

रिक्षावाला खाली उतरला. मास्तरांच्या पाया पडला आणि निघून गेला. मास्तर म्हणाले, "हा दोनदा चालला व्हता. एकदा पावनेदोन किलोमीटर."

पुढे स्कूटीवरून कॉलेजची एक मुलगी आली, तीही यांच्याकडेच शिकलेली. तिनेही विचारलं, तीही थक्क झाली, आणि तिला हसू आवरेना. "मास्तर, मला पंचेचाळीसला चालवलंत." "चालवलं. मंग?" "काही नाही. बरं वाटलं." सिग्नलवरचे ट्रॅफिक हवालदार मास्तरांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "मास्तर, पायी? गाडी बिघडली का?" मास्तर म्हणाले, "गाडी यवस्थित हाय. ब्यान्नव गेलो व्हतो." हवालदारांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "असं मोठ्यानं सांगू नका." "मोठ्यानंच सांगायचं असतं," मास्तर म्हणाले.

तिथून पुढे त्यांची मान वर आली. गुडघ्यासाठी आम्ही सात ठिकाणी बसलो आणि प्रत्येक ठिकाणी ते आपणहून शेजारच्याला सांगायला लागले. एका बाकावर फिरायला आलेले एक आजोबा होते, त्यांचा या कशाशीच संबंध नव्हता. त्यांना सगळी हकीकत सांगितल्यावर ते म्हणाले, "ब्याण्णव? दिसत नाही हो तुमचं वय." मास्तर इतके हसले, की गुडघा धरून बसावं लागलं. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या खांबाशी आल्यावर ते थांबले. हात वर केला. मग चालायला लागले.

गाडीपाशी पोचलो तेव्हा काकींनी चहा दिला. उभ्या उभ्याच प्यायलो. पेला रिकामा झाला, मास्तरांनी तो खिडकीतून आत दिला आणि सवयीने डावीकडचं दार उघडायला लागले. मी दारावर हात ठेवला.

"मास्तर, चहा संपला."

"उद्या बसतो," ते म्हणाले.

"उद्या नाही. लगेच. नाहीतर भीती घर करते."

त्यांनी दार सोडलं. मग गाडीला वळसा घालून गेले आणि स्टिअरिंगवर बसले. मी त्यांच्या जागी बसले. माझ्या पायाशी तो जादा ब्रेक होता. त्यांनी आरसा नीट केला, परत नीट केला, आणि गाडी सुरू केली. वीस, तीस, पस्तीस. पाटी साठची, रस्ता मोकळा. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, त्यांनी त्याला पुढे जायची खूण केली.

सिग्नल अजून दिसत नव्हता. मास्तरांनी पाय उचलला आणि गाडी आपसूक मंदावत गेली.

मी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

मास्तरांनी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मी खिडकीबाहेर खारफुटीकडे बघत राहिले.

मागच्या सीटवरून काकी म्हणाल्या, "अवो, जरा हलवा गाडी. चालत यापेक्षा लवकर आला व्हतात."